तुकडे वाढवल्यावर उत्तर का बिघडते?

प्रश्न : अर्ध्या तरंगलांबीच्या सरळ तारेवरून होणारे विद्युतचुंबकीय लहरींचे प्रकीर्णन (लहरी आदळून विखुरणे) मी पॉकलिंग्टन समीकरण, म्हणजे तारेतला प्रवाह आणि तिच्यावरचे विद्युतक्षेत्र यांना जोडणारे संकलन-समीकरण, मोमेंट पद्धतीने (तारेचे तुकडे करून समीकरणाचे मॅट्रिक्समध्ये रूपांतर करण्याच्या पद्धतीने) सोडवून काढतो. तारेची त्रिज्या तरंगलांबीच्या ०.००५ पट आहे. तारेचे २० तुकडे केले असता विद्युतप्रवाहाचा आलेख गुळगुळीत येतो, पण २०० केले की टोकांजवळ तो तुकड्यागणिक वरखाली होऊ लागतो. प्रोग्रॅम चुकला आहे का?

उत्तर : प्रोग्रॅम बहुधा बरोबर आहे, अडचण समीकरणाच्या कर्नेलमध्ये, म्हणजे एका जागचा प्रवाह दुसऱ्या जागी किती क्षेत्र निर्माण करतो हे सांगणाऱ्या फलनात आहे. पॉकलिंग्टनने १८९७ मध्ये मांडलेल्या या समीकरणात सोयीसाठी प्रवाह तारेच्या अक्षावर आणि क्षेत्र पृष्ठभागावर धरतात, त्यामुळे दोहोंतले अंतर त्रिज्येपेक्षा कधीच कमी होत नाही आणि कर्नेल सर्वत्र गुळगुळीत राहते. या गुळगुळीतपणाची किंमत मोठी आहे. प्रवाहातल्या त्रिज्येहून बारीक चढउतारांचे क्षेत्र हे कर्नेल घातांकी वेगाने पुसून टाकते, आणि मर्यादित लांबीच्या तारेसाठी अशा समीकरणाला सर्वसाधारणपणे नेमके उत्तरच नसते. तुमच्या २०० तुकड्यांत प्रत्येक तुकडा त्रिज्येच्या निम्मा आहे. म्हणून मॅट्रिक्सला हे चढउतार जवळजवळ जाणवतच नाहीत आणि ते उत्तरात बेलगाम वाढतात. संगणकाची पूर्णांकनातली चूक त्यात भर घालते, पण मूळ कारण ती नव्हे, त्यामुळे दशांशस्थळे वाढवून हा दोष जाणार नाही.

सरळ उपाय म्हणजे तुकडा त्रिज्येच्या मानाने लांब ठेवणे. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील एनईसी या अँटेना-गणनेच्या प्रोग्रॅमच्या मार्गदर्शिकेत अशा साध्या, अक्षावर प्रवाह धरणाऱ्या कर्नेलसाठी त्रिज्येच्या सुमारे ८ पटींहून लांब तुकडा सुचवला आहे. त्या हिशोबाने तुमच्या तारेला १२ तुकडेच बसतात. मला मात्र अचूक कर्नेल अधिक पटते. त्यात प्रवाह पृष्ठभागावरच धरून परिघावर सरासरी घेतात. अंतर शून्य होते तिथे लॉगरिदमिक विलक्षणता येते, म्हणजे कर्नेल लॉगरिदमच्या गतीने अनंताकडे जाते; ती वेगळी काढून हाताने संकलित करावी आणि उरलेला गुळगुळीत भाग संख्यात्मक संकलनाने घ्यावा. मग तुकडे वाढवले तरी उत्तर स्थिर राहते.

एक सावधगिरी बाळगा. दूरच्या प्रकीर्णित क्षेत्रात हे चढउतार एकमेकांना बहुतांशी रद्द करतात, म्हणून प्रवाह बिघडलेला असूनही प्रकीर्णन छेदक्षेत्र (तार किती लहर विखुरते याचे माप) बरोबर दिसू शकते. तपासणी प्रवाहाच्या आलेखावरच करा, विशेषतः टोकांजवळ.