पंखा, मच्छरदाणी आणि श्वास मोजणारे रडार

प्रश्न : बाबा अंथरुणाला खिळून आहेत. बोटाचा ऑक्सिमीटर रात्री ओढून टाकतात. अंगाला काही न लावता श्वास आणि नाडी मोजणारे रडार बसवावे का? पंखा दिवसरात्र चालू असतो, खाटेला मच्छरदाणीही आहे. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : श्वासासाठी जरूर बसवा. ऑक्सिजन मात्र ते मोजत नाही, तेव्हा ऑक्सिमीटर हाताशी हवाच. नाडीच्या आकड्यावरही विसंबू नका. श्वासागणिक छाती 4 ते 12 मिलिमीटर हलते, हृदयाच्या ठोक्याने जेमतेम अर्धा मिलिमीटर. रडारची 60 गिगाहर्ट्झची लहर 5 मिलिमीटर लांबीची असल्याने एवढीशी हालचालही तिला कळते, पण श्वासाच्या मोठ्या हालचालीचे पडसाद त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगानेही उमटतात. मिनिटाला 18 श्वास असतील तर त्यांची चौपट 72 होते आणि यंत्र तीच नाडी समजून बसू शकते. नाडी श्वासाच्या नेमक्या पटीत दिसू लागली की बोट धरून मोजा.

पंख्याची पाती छातीपासून लांब असतात, रडार अंतरावरून ती वेगळी काढते. खरा घोळ मच्छरदाणीचा. नायलॉनची जाळी लहरी अडवत नाही, पण वाऱ्याने छातीलगतच हलते. म्हणून तिच्या कडा गादीखाली घट्ट खोचा. सेन्सर, म्हणजे हे रडार, छताला किंवा फॉल्स सीलिंगला लावू नका. पंख्याची थरथर त्याला लागली की भिंतीसुद्धा श्वास घेताना दिसतील. चिऱ्याच्या भिंतीत प्लग ठोकून स्क्रूने पक्का बसवा, छातीपासून एक-दीड मीटरवर, तोंड छातीकडे.

मग खाट रिकामी ठेवून, मच्छरदाणी लावून, पंखा पूर्ण वेगात सोडून दहा मिनिटे थांबा. तरीही श्वासाचा आकडा आला तर जागा बदला. बाबा झोपल्यावर पूर्ण 60 सेकंद डोळ्यांनी श्वास मोजा, असे पाच वेळा. दोनाहून जास्त फरक पडत राहिला तर सेन्सरचा कोन बदला. कूस बदलताना आकडा जाणारच, त्याने घाबरू नका. शेजारी कोणी झोपत असेल तर दोघांचे श्वास मिसळू शकतात.

एक धोका नीट ध्यानात ठेवा. घोरता घोरता घसा मिटला तर हवा आत जात नाही, छाती मात्र धडपडत राहते आणि रडार तो श्वासच मोजते. घोरणे मध्येच थांबून मग दचकून श्वास येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ओठ निळसर दिसले किंवा धाप लागली तर पडद्यावर काहीही असो, 108 ला फोन करा.