अमेरिकेत मतदारसंघांची फेरआखणी आणि टीव्ही-वर्तमानपत्रांचे बाजार यांचा काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) स्थानिक निवडणुकीवर खरंच परिणाम होतो का?

होतो, आणि न्यू जर्सीइतका कुठे होत असेल असं मला वाटत नाही. 90 लाखांवर वस्ती, पण टीव्हीचा स्वतःचा बाजार, म्हणजे एका शहराची चॅनेल जिथे दिसतात तो भाग, नाही. उत्तरेच्या 13 काउंट्या (जिल्हे) न्यूयॉर्कच्या पदरात, दक्षिणेच्या 8 फिलाडेल्फियाच्या. दोन्हीकडच्या बातम्यांत आम्ही दिसतो ते ट्रॅफिक आणि हवामानापुरते.

2022 च्या दिवाळीत साडूंकडे फराळाला गेलो होतो. मी तेव्हा आमच्या सातव्या मतदारसंघातले डेमोक्रॅट खासदार टॉम मॅलिनाउस्की यांच्यासाठी फोन करायचो. चकली मोडता मोडता साडू म्हणाले, "या वेळी त्या होकुलबाईंना घरी बसवायचंच. सबवेत काय चाललंय बघतोयस ना?" कॅथी होकुल न्यूयॉर्कच्या गव्हर्नर! साडू राहतात न्यू जर्सीच्या हंटरडन काउंटीत. पण होकुल यांचा रिपब्लिकन प्रतिस्पर्धी ली झेल्डिनच्या गुन्हेगारीवरच्या जाहिराती सारख्या चालू, मग दुसरं काय डोक्यात बसणार? त्या तुमच्या मतपत्रिकेवरच नाहीत म्हटलं, तर विचारतात, "मग आपल्याकडे कोण उभंय?" तिकडे दक्षिण जर्सीत हेच शेजारच्या पेनसिल्वेनियातल्या सिनेटच्या उमेदवारांचं, फेटरमन आणि डॉ. ऑझचं. ऑझ तर वर्षानुवर्षं राहिले न्यू जर्सीत आणि सिनेटला उभे पेनसिल्वेनियातून.

आता मतदारसंघांचा नकाशा. इथे तो 13 जणांची समिती ठरवते: दोन्ही पक्षांचे सहा-सहा आणि कोंडी फोडायला एक तटस्थ. डिसेंबर 2021 मध्ये ते तटस्थ होते माजी न्यायमूर्ती जॉन वॉलेस. त्यांनी डेमोक्रॅटांचा नकाशा निवडला आणि कारण काय दिलं, तर मागच्या खेपेला रिपब्लिकनांचा निवडला गेला होता. हे काय कारण झालं? त्यात डेमोक्रॅटांसाठी तिसरा, पाचवा, अकरावा मतदारसंघ भक्कम केला आणि बळी दिला आमचा. 2020 च्या अध्यक्षीय मतदानात जुन्या सातव्यात बायडन सुमारे 10 टक्क्यांनी पुढे होते, नव्यात 4 च्या आसपास. 2020 मध्ये थोडक्यात हरलेले रिपब्लिकन टॉम केन ज्युनिअर 2022 मध्ये तीनेक टक्क्यांनी जिंकले.

साडूंचं अजूनही एकच पालुपद: "तुमचा माणूसच कमी पडला." अहो, मैदानच कलतं केलं आणि ते कुठल्याही चॅनेलने धड दाखवलं नाही! स्नायडर आणि स्ट्रॉमबर्ग या अभ्यासकांनी 2010 मध्येच दाखवलंय की वर्तमानपत्राच्या खपाचा भाग आणि मतदारसंघ जुळत नसले की खासदाराच्या बातम्या कमी येतात, लोकांना त्याचं नाव सांगता येत नाही आणि तोही मतदारसंघासाठी कमी राबतो. आमच्याकडे त्यात भर म्हणजे स्टार-लेजर या इथल्या मोठ्या वर्तमानपत्राची छापील आवृत्ती फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली.

पैशाचं गणित थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या चॅनेलवर जाहिरात द्यायची म्हणजे एका मतदारसंघासाठी दोन कोटी लोकांचे पैसे मोजायचे. 2018 मध्ये डेमोक्रॅट अँडी किम लढले त्या तिसऱ्या मतदारसंघात बर्लिंग्टन काउंटी फिलाडेल्फियाच्या बाजारात आणि ओशन न्यूयॉर्कच्या. म्हणजे दोन्हीकडे खिसा रिकामा. पुढे फेरआखणीत ओशन गेली आणि जागा त्यांना सोपी झाली. म्हणून पुष्कळ उमेदवार केबल आणि टपालाच्या पत्रकांवर भिस्त ठेवतात.

खरं सांगायचं तर मॅलिनाउस्कींना शेअर व्यवहार वेळेत जाहीर न केल्याचं प्रकरणही भोवलं, आणि अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर येणारी निवडणूक त्याच्या पक्षाला जडच जाते. सगळं नकाशावर ढकलता येणार नाही. पण साडूंसमोर मी हे कबूल करणार नाही.

तुम्ही इथे मतदार असाल तर निवडणुकीआधी घरी नमुना मतपत्रिका येते, ती उघडून बघा. साडूंकडे ती कुपनांच्या गठ्ठ्याबरोबर रिसायकलिंगच्या डब्यात जाते, आणि वर आम्हालाच विचारतात, तुमच्या माणसाने प्रचार केला कुठे?