पावसाळ्यात फॅक्स फाटल्यासारखा येतो, मशीन बदलावं का?

थांबा, आधी एक कागद त्याच मशीनवर कॉपी करून बघा. तुम्ही पाठवलेल्या कागदावर उभी काळी रेघ उमटते आणि मालवणात तुमच्याकडे येणाऱ्या फॅक्समधल्या आडव्या पट्ट्या गायब असतात, असं लिहिलंयत. ही दुखणी वेगवेगळी आहेत.

रेघ कॉपीतही आली तर दोष स्कॅनरच्या काचेवर. बहुधा व्हाइटनरचा वाळका ठिपका. कागद सरकतो, ठिपका हलत नाही, म्हणून रेघ वरपासून खालपर्यंत. मऊ फडक्याला थोडं स्पिरिट लावून पुसा.

कॉपी अख्खी आली, एकही पट्टी गायब नसली, तर मात्र फोनची लाइन तपासा. देवगडला माझं एसटीडी-झेरॉक्सचं दुकान होतं. मे महिन्यात वाशीहून बागायतदारांच्या आंब्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, फॅक्सने यायच्या. साध्या रिझोल्यूशनला फॅक्स मिलिमीटरभरात ३.८५ रेषा वाचतो, म्हणजे तीन मिलिमीटरचा आकडा जेमतेम अकरा-बारा रेषांचा. लाइनवर खरखर झाली की बिघडलेली रेषा मशीन गाळतं, नाहीतर वरचीच पुन्हा छापतं. इंग्रजी आठाचं मधलं गेलं की राहतो शून्य. एकदा २८० पेट्यांच्या २०० झाल्या आणि बागायतदार माझ्याच फोनवरून दलालाची आयमाय काढून मोकळा झाला. मूळ कागदावर २८०च होत्या!

रिसीव्हर उचला, एकच आकडा दाबा. डायल टोन थांबेल, मग कान देऊन ऐका. खरखर असेल तर लाइनमनला जॉइंट आणि भिंतीवरचा रोझेट (फोनची तार जोडायचा डबा) उघडायला लावा. माझा रोझेट पागोळीखाली होता. खाऱ्या वाऱ्याने तांब्याची तार हिरवी पडलेली. नवा जॉइंट मारून डबा आत घेतला, तेवढ्याने भागलं.

तोवर मशीनच्या मेनूत ईसीएम (एरर करेक्शन मोड, म्हणजे चूक-दुरुस्ती) चालू करा. दोन्हीकडे ते असलं की बिघडलेला भाग पुन्हा मागवला जातो, वेळ वाढतो इतकंच. फॅक्सचा वेग १४४०० (बिट दर सेकंदाला) असेल तर ४८०० करा. आणि फोन आता फायबरवरून येत असेल तर तांब्याच्या मागे लागू नका. तिथे बोलण्यासाठी केलेलं कॉम्प्रेशन फॅक्सचा घात करतं. कंपनीकडे टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स नेण्याची खास पद्धत) किंवा निदान जी.७११ (आवाज फारसा न दाबणारी पद्धत) मागा.

थर्मल रोलवर आलेल्या फॅक्सची लगेच झेरॉक्स काढा. आपल्या उकाड्यात तो फार टिकत नाही.