राहायला जाण्यासाठी सुरक्षित, उबदार हवेचं मध्यम आकाराचं शहर कसं निवडावं?

वर्षाच्या सरासरी तापमानावर अजिबात जाऊ नका. सर्वांत थंड महिन्यातलं रात्रीचं किमान आणि कडक उन्हाळ्यातलं कमाल तापमान पाहा, दमटपणाही. स्पेनमधलं मालागा (लोकसंख्या 6 लाखांच्या आसपास) हिवाळ्यातही सौम्य असतं, कारण पाठीशी असलेले डोंगर उत्तरेचे गार वारे अडवतात.

सुरक्षितता म्हणजे फक्त चोऱ्यामाऱ्या कमी असणं नव्हे. स्पेनमधलंच वालेन्सिया असंच उबदार, राहायला छान शहर. पण ऑक्टोबर 2024 च्या पुरात त्याच्या परिसरात 200 हून अधिक माणसं गेली. म्हणून आधी पूररेषेचा नकाशा, मग घर. गुन्ह्यांचे आकडेही अख्ख्या शहराचे नकोत, त्या वस्तीचे काढा. जमलं तर सर्वांत त्रासदायक ऋतूत महिनाभर भाड्याने राहून बघा.