मुलगा स्टेट गार्डमध्ये गेला, काळजी करू का?

प्रश्न : माझा मुलगा ह्यूस्टनला असतो. तिकडचं नागरिकत्व मिळाल्यावर त्यानं टेक्सास स्टेट गार्डमध्ये नाव घातलं. लष्करी गणवेशातला त्याचा फोटो पाहिल्यापासून माझी झोप उडाली आहे. सरावाला पगार नाही म्हणतो, मग हे आहे तरी काय? त्याला लढाईवर धाडतील का? बंदुका घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या येतात, त्यातलं तर नाही ना?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, स्टेट गार्डचा सदस्य म्हणून त्याला लढाईवर पाठवता येत नाही. राज्याच्या या स्वयंसेवक दलाला केंद्राच्या सैन्यात ओढायचं नाही, असं तिथल्या कायद्यातच आहे. मी सॅन अँटोनियोत राहते आणि याच गार्डमध्ये बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून खात्रीनं सांगते.

लोकांचा घोळ होतो तो नॅशनल गार्डशी. ते राज्याचं असलं तरी राष्ट्राध्यक्षांनी बोलावलं की जातं. इराकला गेलं, अफगाणिस्तानलाही गेलं. 1940 मध्ये महायुद्धाच्या तयारीसाठी ते असंच केंद्राकडे गेलं, तेव्हा मागे राज्यात पूल, कारखाने कोण राखणार हा प्रश्न पडला. त्यातून राज्याराज्यांत स्वयंसेवकांची दलं उभी राहिली. टेक्सासचं 1941चं. हुकूम गव्हर्नरचा चालतो, मुख्यालय ऑस्टिनला कॅम्प मॅब्रीत. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, व्हर्जिनियातही अशी दलं आहेत. फ्लोरिडानं 2022 मध्ये आपलं बंद पडलेलं दल पुन्हा सुरू केलं. बातम्यांतल्या टोळ्या खासगी असतात, त्यांचा याच्याशी संबंध नाही. आपले होमगार्ड 1946 साली मुंबईत दंगलींच्या दिवसांत पोलिसांच्या मदतीला उभे राहिले, त्याच जातकुळीचं हे काम आहे.

या दलांचं काम ‘देशांतर्गत सुरक्षा’ म्हटलं की डोळ्यांपुढे अतिरेकी येतात. मला आठवतात त्या पूरग्रस्तांच्या निवाऱ्यातल्या खाटा. 25 ऑगस्ट 2017च्या रात्री हार्वे वादळ रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला धडकलं आणि पुढचे काही दिवस ह्यूस्टनवर नुसता पाऊस कोसळत राहिला. आमच्यातले काही जण बोटी घेऊन लोकांना काढायला गेले, मी निवाऱ्यावर होते. बस आली की एकेकाचं नाव नोंदवायचं आणि मनगटाला पट्टी बांधायची, म्हणजे कोण कुठून कुठे गेलं याचा माग राहतो. एका आजीबाईंच्या हातात औषधांची पिशवी होती, पण आतल्या चिठ्ठ्या भिजून शाई पसरलेली. कुठली गोळी कशाची, त्यांना सांगता येईना. आमच्या तुकडीतली परिचारिका त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली आणि गोळ्यांचे रंग, आकार पाहत, औषधवाल्याला फोन करत तिनं यादी जुळवली. या कामाला बंदूक लागत नाही, हाताशी माणूस लागतो. आणि तो त्याच राज्यात राहणारा असला तर लवकर पोचतो. मला या दलांचं मोल वाटतं ते यासाठी.

पण अर्धीच बाजू सांगणं बरं नाही. 2021 पासून गव्हर्नरांनी मेक्सिकोच्या सीमेवर बेकायदा येणाऱ्यांना अडवायची जी मोहीम चालवली, तीत स्टेट गार्डचे लोकही गेले. ते काम निवाऱ्यासारखं नाही, आणि स्वयंसेवकांना तिथे नेणं मला पटत नाही. मुलगा कुठल्या तुकडीत आहे आणि तिला कसली कामं देतात, हे त्यालाच सरळ विचारा.

पगाराचं म्हणाल, तर सरावाला काही मिळत नाही; राज्यानं अधिकृत बोलावणं धाडलं की तेवढ्या दिवसांचे पैसे मिळतात. अशा कामावर गेला म्हणून मालकाला त्याला नोकरीवरून काढता येत नाही, टेक्सासच्या कायद्यानं ते संरक्षण दिलंय. मात्र रजा पगारी मिळेलच असं नाही, ते त्यानं कंपनीत आधीच बोलून ठेवावं.

तिकडे वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर. त्या दिवसांत त्याचा फोन लागला नाही तर घाबरून जाऊ नका. त्याच्या एखाद्या मित्राचा किंवा शेजाऱ्याचा नंबर आत्ताच मागून ठेवा.