टीबी निघाला की एचआयव्हीची टेस्ट का करायला सांगतात?

सातपूरला कंपनीत असलेल्या तुमच्या भावाला टीबी निघाला, नाशिक सिव्हिलमध्ये लगेच एचआयव्हीची टेस्ट लिहून दिली आणि घरात कुजबुज सुरू झाली, असं तुम्ही लिहिलंय. आधी ती कुजबुज थांबवा. टीबीच्या प्रत्येक पेशंटला ही टेस्ट सांगतात. भावाच्या वागण्यावर कुणी शंका घेतलेली नाही.

जगातल्या जवळपास एक चतुर्थांश लोकांना टीबीच्या जंतूंची लागण झालेली असते. बहुतेकांना आजार होत नाही, कारण प्रतिकारशक्ती जंतूंना दाबून ठेवते. या कामातल्या सीडी४ पेशीच एचआयव्ही मारतो. म्हणून एचआयव्ही असलेल्यांना टीबीचा धोका सुमारे १६ पट. २०२३ मध्ये जगभरात टीबीने साडेबारा लाख माणसं गेली, त्यात १.६१ लाख एचआयव्हीबाधित होती. टीबीच्या नव्या रुग्णांपैकी २६ टक्के एकट्या भारतातले!

समजा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाच, तर आधी टीबीच्या गोळ्या आणि साधारण दोन आठवड्यांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार (मेंदूच्या टीबीत जरा थांबतात). दोन्हीकडच्या डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा. लघवी केशरी करणारं टीबीचं औषध रिफाम्पिसिन हे एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्रॅविर या गोळीचा असर कमी करतं, म्हणून डोल्युटेग्रॅविर दिवसातून दोनदा द्यावी लागते. हे सांगायचं राहून जातं, आणि तिथेच घोळ होतो.

निगेटिव्ह आला तर प्रश्नच मिटला, पण टीबीचा कोर्स मध्येच सोडू देऊ नका. आणि टीबीच्या पेशंटला आहारासाठी मिळणारे सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये खात्यात येतात का, तेही बघा.