हवेत फेकलेला उंदीर

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मॉरिशसला गेलो होतो. फर्नीच्या खोऱ्यात गाइडने शीळ घातली आणि मेलेला पांढरा उंदीर हवेत फेकला. झाडावरून एक छोटा ससाणा सुटला आणि त्याने तो वरच्यावर झेलला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण माझी दहा वर्षांची मुलगी रडायला लागली. “हा तर सर्कशीतला पक्षी झाला,” म्हणाली. गाइडने सांगितलं की एके काळी असे फक्त चार ससाणे उरले होते. हे खरं आहे का? आणि जंगली पक्ष्याला असं खाऊ घालणं योग्य आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, चारचा आकडा अगदी खरा आहे. 1974 मध्ये मॉरिशसच्या रानात या ससाण्यांची मोजणी झाली तेव्हा चार सापडले आणि त्यांत अंडी घालणारी मादी एकच होती. त्या वेळी याहून दुर्मिळ शिकारी पक्षी जगात नव्हता.

मीही फर्नीला तो उंदीर झेललेला पाहिला आहे. पक्षी इतक्या जवळून गेला की पाठीच्या तांबूस पिसांवरचे काळे ठिपके दिसले. तेव्हा माझ्या डोळ्यांतही पाणी आलं, पण त्याचं कारण वेगळं होतं, कारण त्या उंदरामागची हकीगत मला माहीत होती.

मी वाक्वा गावात एका मराठी कुटुंबाकडे उतरले होते. त्यांचे पूर्वज गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिथे ऊस तोडायला गेले. घरातले आजोबा सांगत होते, की त्यांच्या लहानपणी या पक्ष्याला सगळे क्रिओल भाषेत ‘कोंबड्या खाणारा’ म्हणत आणि दिसला की मारत. खरं तर हा एवढासा पक्षी कोंबडी काय नेणार! त्याचं मुख्य खाणं म्हणजे झाडांवरच्या हिरव्या पाली. त्यासाठीच त्याचे पंख आखूड आणि गोलसर आहेत, दाट झाडीत पालीमागे वळता यावं म्हणून.

पण नुसत्या बंदुकांनी तो एवढा संपला नसता. उसासाठी जंगल गेलं. चांगलं मूळ रान आज बेटाच्या दोन टक्केही उरलेलं नाही. माणसाने आणलेली माकडं, मुंगूस, मांजरं आणि उंदीर यांनी ढोलीतली अंडी-पिल्लं खाल्ली. त्यातच 1950-60 च्या दशकांत मलेरियाचे डास मारायला डीडीटी हे कीटकनाशक फवारलं गेलं. ते किड्यांतून पालींत आणि पालींतून ससाण्यांत उतरलं. अशा विषाने अंड्यांचं कवच पातळ होतं.

त्याच 1974 च्या सुमारास एका जोडीने झाडाची ढोली सोडून उभ्या कड्याच्या कपारीत घरटं केलं. तिथे माकड पोचलं नाही, पिल्लं जगली आणि पुढे त्यांनीही कपारीच धरल्या. हा पक्षी पुढच्या माणसांच्या हाती लागला, तो या कपारीमुळे.

1979 मध्ये कार्ल जोन्स हा वेल्समधला पंचविशीतला तरुण तिथे आला. त्याला पाठवलं होतं ते या ससाण्याला वाचवण्याचं चालू काम आवरतं घेऊन गुंडाळायला. या पक्ष्यावर पैसा घालवण्यात अर्थ नाही, असं तेव्हा मोठे जाणकार उघड म्हणत होते. त्याने ते ऐकलं नाही. कड्यावर चढून तो घरट्यातली पहिली अंडी काढून आणायचा आणि यंत्रात उबवायचा. अंडी गेली की मादी पुन्हा घालते, पण त्यासाठी तिच्या अंगात ताकद हवी. म्हणून तो जोडीला पांढरे उंदीर खाऊ घालायचा. तुमच्या मुलीने पाहिलेला उंदीर तो हाच, ताई. बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात ना, तसं ते होतं.

पिल्लं उडण्याच्या बेतात आली की रानात ठेवलेल्या पेटीत सोडायची, आणि ती स्वतः शिकार करू लागेपर्यंत रोज तिथेच खाणं ठेवायचं. ही रीत शिकारी ससाणे पाळणाऱ्यांकडून घेतलेली. सुमारे दहा वर्षांत असे तीनशेहून जास्त पक्षी सोडले. फर्नीच्या बाजूचे बांबूस डोंगर तर या पक्ष्यापासून पार रिकामे झाले होते. तुम्ही पाहिलेला ससाणा तिथे पुन्हा वसवलेल्यांच्या वंशातला.

म्हणून खाऊ घालण्याला माझा विरोध नाही. आपल्याकडेही म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडांसाठी मेलेली गुरं आणून टाकतात, त्याला कोणी सर्कस म्हणत नाही. मला खटकतात त्या टाळ्या. पर्यटकांसाठी उंदीर फेकताना ही सगळी हकीगत आधी सांगायला हवी, नाहीतर तुमच्या लेकीला वाटलं तेच कोणालाही वाटेल. तिचं चुकलेलं नाही.

आणि एक गोष्ट गाइड बहुधा सांगत नाहीत. 1994 पर्यंत संख्या दोनशेच्या पुढे गेली, पिंजऱ्यातून पक्षी सोडणं थांबलं, सगळ्यांना वाटलं जिंकलो. पण 2014 मध्ये या पक्ष्याला पुन्हा ‘संकटग्रस्त’ यादीत टाकावं लागलं. पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांत तो कमी होत गेला. रानात चिनी पेरू माजला आहे, मूळची झाडं उगवू देत नाही आणि जुन्या झाडांच्या ढोल्या मिळत नाहीत. आजचे सगळे पक्षी त्या मूठभरांचेच वंशज, त्यामुळे रक्तातली विविधताही फार थोडी उरली आहे. 2022 मध्ये मॉरिशसने त्याला राष्ट्रीय पक्षी केलं, याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्याला आज हवीत ती माकडांना उघडता न येणारी लाकडी घरटी, आणि ती दरवर्षी तपासणारी, दुरुस्त करणारी माणसं.

मुलीसाठी एक सुचवते. थंडीत आपल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या माळांवर, याच ससाण्याची भावंडं येतात, त्यांना खरूची म्हणतात. सकाळी उन्हं चढायच्या आत तिला सड्यावर न्या आणि गवतापासून जरा लांब, शांत बसा. खरूची वाऱ्यावर एका जागी पंख फडफडवत लटकते, मान जराही हलत नाही, आणि मग दगड सुटावा तशी खाली येते. बरेचदा रिकाम्या पायांनीच पुन्हा वर जाते. तेही तिला पाहू द्या.